रस्ता रुंद झाला की गाव ओस पडतं?

पुणे-बंगळूर महामार्गावर कागल ते सातारा सहापदरीकरण सुरू आहे. निपाणीच्या एका वाचकाने विचारलंय, ‘रस्ता असा रुंद होत गेला तर आमची पोरं गावात राहतील का?’

गाव कोण सोडतं, हा प्रश्न जुनाच. स्थलांतराला काही नियमच दिसत नाही, असं संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार म्हणाले होते. ते वाक्य अर्न्स्ट रॅव्हनस्टाइन या नकाशाकाराच्या मनात घर करून बसलं. ब्रिटनच्या जनगणनेचे तक्ते चाळून १८८५ मध्ये त्याने नियम मांडले: बहुतेक माणसं जवळच जातात, आणि त्यांची जागा आणखी आतल्या गावचे घेतात.

पण गाव सुटण्यामागे रस्ताच आहे, हे ठरवायचं कसं? आधीच भरभराटलेल्या गावालाही रस्ता लवकर मिळतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने नकळत ही अडचण सोडवली. सपाट प्रदेशात ५०० लोकवस्तीची अट होती. ४९० आणि ५१० वस्तीच्या गावांत फरक तो काय? तरीही दुसऱ्याला रस्ता मिळण्याची शक्यता जास्त. सॅम अ‍ॅशर आणि पॉल नोवोसाड यांनी अशाच गावांची तुलना केली. २०२० च्या त्यांच्या निबंधानुसार, रस्ता आलेल्या गावांत शंभर कामकऱ्यांमागे सुमारे ९ जणांनी शेती सोडून दुसरं काम धरलं. लोकसंख्या मात्र घटली नाही. उत्पन्नही फारसं वाढलं नाही. ‘रस्ता आला की समृद्धी आली’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आपल्याकडे हे रोज दिसतं. निपाणी भागातला तरुण डबा घेऊन कागलच्या एमआयडीसीत पाळीला जातो आणि रात्री घरी येतो. तंबाखूचं रान थोरल्यांकडे, पगार कारखान्याचा, मुक्काम गावातच. बेळगावजवळची मच्छे, पिरनवाडी, हिंडलगा ही गावं रिकामी झाली नाहीत, उलट फुगली. २०११ च्या जनगणनेने तर त्यांना शहरांतच मोजलं.

माणूस गावात टिकतो तो रोज जाऊन परत येता येतं म्हणून. म्हणूनच अंतर किलोमीटरांत मोजू नये. वेळ, तिकीट आणि बसफेऱ्यांत मोजावं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादामुळे दोन्ही राज्यांमधली एसटी थांबली. डांबर होतं तिथेच होतं, पण बसवर विसंबणाऱ्याला कोल्हापूर एकदम लांब पडलं. खोली घेऊन शहरात राहावं हा विचार अशाच वेळी बळावतो. पोरं गावात राहावीत असं वाटत असेल, तर सहा पदरांइतकीच दुसरी पाळी सुटल्यावरची शेवटची बस मागायला हवी, आणि ती सीमेपलीकडे रोज धावायला हवी.