विश्लेषण : बोंडात शिरण्याआधीच गुलाबी अळीला गाठता येईल का?

जळगाव-भुसावळ महामार्गावरच्या नशिराबाद शिवारात पोळ्याच्या सुमारास कपाशी फुलावर असते. याच दिवसांत काही फुले उमलायचीच थांबतात. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, पीळ दिल्यासारख्या. लांबून गुलाबाच्या कळीसारख्या दिसणाऱ्या. शेतकरी त्यांना डोमकळ्या म्हणतात. एखादी डोमकळी तोडून उघडली की आत बारीकशी अळी सापडते. तिची पुढची पिढी बोंडात शिरते आणि वेचणीपर्यंत बाहेरून काहीच कळत नाही. बोंड फुटते तेव्हा हाती येते ती कवडी. डागाळलेला, चिकटलेला हा कापूस वेचायला वेळ जास्त लागतो आणि बाजारात भाव कमी मिळतो. फवारणीने हाती न लागणाऱ्या या अळीला मित्रकीटकांच्या मदतीने रोखता येते का, आणि येत असेल तर खान्देशात ते अजून अंगवळणी का पडलेले नाही?

फवारणी का चुकते?

गुलाबी बोंडअळी ही काही परदेशातून आलेली नवी कीड नाही. १८४२ मध्ये भडोचच्या कापसात ती सापडली आणि पुढच्याच वर्षी डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले. म्हणजे शास्त्राच्या कागदावर ती पहिल्यांदा आली तीच शेजारच्या गुजरातमधून.

तिचा सगळा डाव लपण्याचा आहे. मादी पाते, फूल आणि कोवळ्या बोंडाच्या देठाजवळच्या पाकळीवजा पानांखाली अंडी घालते. तीन ते पाच दिवसांत अंडे फुटते आणि अळी लगेच आत शिरते. शिरण्याचे छिद्र नंतर बुजून जाते. पुढचे दोन आठवडे ती सरकीवर जगते. पंपातून उडणारे औषध बोंडाच्या सालीवर पडते आणि अळी आत असते. त्यामुळे फवारणी नेमकी लागू पडण्याचा काळ फार थोडा आहे. शेतकऱ्याला नुकसान दिसते तोवर तो काळ उलटून गेलेला असतो.

बीटी असूनही ही वेळ का आली?

देशात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. सुरुवातीची काही वर्षे बोंडअळी जवळपास विस्मरणात गेली होती. मात्र २०१० मध्ये गुजरातमध्ये पहिल्या जनुकाला ही अळी दाद देत नसल्याचे जाहीर झाले. काही वर्षांत दुसऱ्या जनुकाचीही तीच गत झाली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कापूस पट्ट्याने त्याची किंमत मोजली. त्याच वर्षी यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. अळीच्या मागे लागून औषधांची मिश्रणे वाढवत नेणे कुठवर जाते, हे त्या वर्षाने दाखवले.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याच बीटीपुढे हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी टिकली नाही, मग गुलाबीच का टिकली? हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा कितीतरी पिकांवर जगते. तिथे तिला बीटीचे विष लागत नाही. तिथले पतंग कपाशीवरच्या पतंगांशी मिसळत राहतात आणि प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. गुलाबी अळी जवळपास फक्त कपाशीवर जगते. सगळी कपाशीच बीटी झाल्यावर, विष पचवू शकणारी अळीच मागे उरली. त्यात भर म्हणजे आपल्याकडे बीटी संकरित वाणांतून आले. संकरित झाडाच्या बोंडातली काही सरकी विषाची असते, काही बिनविषाची. एकाच बोंडात अळीला थोडे विष, थोडे अन्न मिळते. सवय लागायला याहून चांगली शाळा नाही.

यावर उपाय म्हणून ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी दिली जात असे. ती शेताच्या कडेने लावायची होती. बहुतेक ठिकाणी ती लावलीच गेली नाही. त्याचा दोष केवळ शेतकऱ्याला देता येणार नाही. आपल्याच वावरात अळीसाठी जागा राखायची, ही गोष्ट नीट समजावून सांगणारे कोणी नसेल, तर ती विचित्रच वाटते.

मित्रकीटक नेमके काय करतो?

अळी बोंडात शिरल्यावर काही करता येत नसेल, तर अंड्यालाच गाठावे, हा जैविक नियंत्रणाचा मार्ग आहे. ट्रायकोग्रामा कुळातली गांधीलमाशी हे काम करते. नाव गांधीलमाशी असले तरी ती माणसाला चावत नाही आणि आकाराने एक मिलिमीटरही भरत नाही. तिची मादी पतंगाच्या अंड्याला भोक पाडून आत स्वतःचे अंडे घालते. आतून तिची पिल्ले अंडे खाऊन टाकतात, अंडे काळे पडते आणि आठ-दहा दिवसांनी त्यातून अळीऐवजी नवी माशी बाहेर येते.

प्रयोगशाळेत ही माशी तांदळावरच्या पतंगाच्या अंड्यांवर वाढवतात. पतंग भरड धान्यावर पाळायचे, त्यांची अंडी गोळा करायची, अतिनील किरणांखाली ठेवून त्यातला जीव मारायचा, कागदी पट्टीवर चिकटवायची आणि माश्यांसमोर ठेवायची. हेच ट्रायकोकार्ड. एका कार्डावर साधारण २० हजार अंडी असतात. कपाशीसाठी हेक्टरी दीड लाख, म्हणजे एकरी तीन कार्डांच्या आसपास शिफारस असते. कार्डाचे तुकडे करून संध्याकाळच्या वेळी पानांच्या खालच्या बाजूला टाचायचे असतात.

देशात या विषयावर समन्वित संशोधन १९७७ पासून सुरू आहे. बंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो ही संस्था मित्रकीटकांच्या जाती सांभाळते. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था कपाशीसाठीची शिफारस ठरवते. शास्त्र नवे नाही. अडचण शेताच्या बांधावर आहे.

कार्ड लावूनही फरक पडत नाही, असे का होते?

याचे पहिले कारण जात. सहज मिळणारी बरीचशी कार्डे ट्रायकोग्रामा चिलोनिस या जातीची असतात. ती उसाच्या खोडकिडीवर आणि हिरव्या बोंडअळीवर चालते. गुलाबी अळीसाठी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री ही जात सांगितली जाते. कार्ड घेताना जात आणि तारीख दोन्ही पाहायला हव्यात, कारण कार्ड म्हणजे औषधाची बाटली नव्हे. ते दुचाकीच्या डिकीत दुपारभर तापले किंवा माश्या आधीच निघून गेल्या, तर शेतात नुसता कागद लागतो.

दुसरे कारण वेळ. फुलोरा सुरू होताना कार्ड लावायचे असते आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा. डोमकळ्या मोजून झाल्यावर लावलेले कार्ड त्या पिढीसाठी उशिराचेच.

तिसरे कारण सर्वात मोठे आहे, ते म्हणजे फवारणी. तुडतुडे, मावा आणि फुलकिड्यांसाठी सुरुवातीलाच तीव्र कीटकनाशकांची मिश्रणे मारली जातात. त्यात ही माशी, क्रायसोपा आणि ढालकिडे सगळेच मरतात. शेजारच्या वावरातून उडून आलेला फवारा पुरेसा असतो. म्हणून सुरुवातीला निंबोळी अर्कासारखे सौम्य उपाय आणि कार्ड लावल्यावर काही दिवस फवारणी बंद, हा क्रम पाळावा लागतो.

एवढे करूनही केवळ कार्डांवर कपाशी तरून जाईल, असा दावा करणे बरोबर ठरणार नाही. माशी काही दिवसच जगते, जोराच्या पावसात तिचा टिकाव लागत नाही आणि झाकलेल्या पानाखालचे प्रत्येक अंडे तिला सापडत नाही. ती अळीची संख्या खाली आणते. उरलेले काम इतर उपायांनी करायचे असते.

सापळा आणि दोरी यांत फरक काय?

गुलाबी पतंगाच्या मादीचा गंध शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये ओळखला. त्याच गंधाची गोळी कामगंध सापळ्यात असते. हेक्टरी पाच सापळे लावतात, ते पतंगांचा अंदाज घेण्यासाठी. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त नर पतंग आले, तर पुढचे पाऊल उचलायचे. अमावास्येच्या आसपास अंडी जास्त पडतात, हा ठोकताळा गावोगाव सांगितला जातो. पण आपल्या वावरातली तारीख सापळाच सांगतो.

हाच गंध झिरपणारी दोरी झाडांना बांधली, तर सगळे वावर त्या वासाने भरते आणि नराला खरी मादी सापडत नाही. मीलनच झाले नाही तर फलित अंडी पडणार कुठून? मात्र हे तंत्र मोठ्या सलग क्षेत्रावरच चालते. दोन एकरांत दोरी बांधली आणि भोवतीचे वीस एकर मोकळे राहिले, तर गाभण माद्या तिकडून उडत येतात.

अमेरिकेने ही कीड कापूस पट्ट्यातून संपल्याचे ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर केले, ते याच एकजुटीवर. बीटी कपाशी, गंधाचे तंत्र आणि पिकाचे अवशेष गाडणे यांच्या जोडीला विमानातून अब्जावधी नपुंसक पतंग सोडले गेले. लहान तुकड्यांच्या खान्देशात ते जसेच्या तसे उचलता येणार नाही. पण एका शिवाराने एकाच आठवड्यात पेरणी करणे आणि एकाच आठवड्यात सापळे लावणे अशक्य नाही.

लागवड लांबवण्याचा आग्रह कशासाठी?

इथे जळगाव जिल्ह्याचा खास प्रश्न येतो. विहिरीला पाणी आणि ठिबक असलेले शेतकरी मे महिन्यातच पूर्वहंगामी कपाशी लावतात. त्यामागे हिशेब आहे. कापूस लवकर निघतो आणि रब्बीचे रान वेळेत मोकळे होते. पण मागच्या हंगामातल्या सरकीत, वाळलेल्या बोंडांत आणि जिनिंगच्या आवारात सुप्त पडलेल्या अळ्यांचे पतंग उन्हाळ्याच्या शेवटी बाहेर पडू लागतात. त्यांना पाते मिळाले नाही, तर ते अंडी न वाढवता मरून जातात. मे महिन्यातल्या कपाशीला जूनच्या उत्तरार्धात पाते लागते आणि नेमक्या त्याच पतंगांना ते आयते मिळते. ही पहिली पिढी मग शेजारच्या कोरडवाहू कपाशीवर उतरते. म्हणून कृषी विभागाने गेल्या काही हंगामांत बियाणे विक्रीच्या तारखांवर निर्बंध आणले आणि म्हणूनच त्यावर दरवर्षी नाराजीही उमटते. बागायतदाराचे नुकसान आज दिसते, कोरडवाहूवाल्याचे ऑक्टोबरात.

दुसरे टोक डिसेंबरात आहे. भाव वाढतील या आशेने पाणी देऊन फरदड ठेवली, की अळीला पुढच्या हंगामापर्यंतचे घर मिळते. पीक वेळेत संपवून शेतात ठेलारींच्या मेंढ्या बसवल्या, तर उरलीसुरली बोंडे त्या खाऊन टाकतात आणि रानाला खतही मिळते. त्यानंतर पऱ्हाटी उपटून बांधावर रचून न ठेवता तिचे बारीक तुकडे करून कुजवायची. सरपणासाठी ठेवलेला पऱ्हाटीचा ढीग जूनपर्यंत घराशेजारी राहिला, तर त्यातल्या किडक्या बोंडांतून निघालेल्या पतंगाला नवी कपाशी शोधायला फार लांब जावे लागत नाही.