दाब सुटण्याचा क्षण

२६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला यांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक जिंकले आणि अश्वक्रीडेत भारताला ४१ वर्षांनी सुवर्ण मिळाले. त्याआधीची सुवर्णपदके १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेतली होती. अश्वक्रीडेचा त्या स्पर्धेत तेव्हा प्रथमच समावेश झाला होता आणि भारतीय लष्कराच्या रघुबीर सिंह यांनी इव्हेंटिंगचे वैयक्तिक व सांघिक अशी दोन्ही सुवर्णपदके पटकावली होती. ड्रेसाजमध्ये घोड्याने आखलेल्या रिंगणात ठरावीक हालचाली स्वाराच्या जवळजवळ न दिसणाऱ्या इशाऱ्यांवर करून दाखवायच्या असतात, तर इव्हेंटिंगमध्ये ड्रेसाज, मोकळ्या रानातील अडथळ्यांची दौड आणि रिंगणातील उड्या अशा तीन कसोट्या एकाच जोडीला द्याव्या लागतात. हांगझोऊचे चारही घोडे मात्र युरोपात राहणारे आणि तिथेच घडलेले होते, कारण भारतातील घोड्यांच्या संसर्गजन्य रोगांमुळे येथील घोडा स्पर्धेसाठी युरोपात नेणे आजवर जवळजवळ अशक्य होते आणि भारतीय स्वारांना घर सोडून घोड्याकडे जावे लागत होते.

ही अडचण दूर करण्याचे पाऊल दिल्लीच्या परिसरातच, राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या मेरठ येथे पडले. तेथील छावणीत असलेल्या लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्र व महाविद्यालयातील आवाराला जुलै २०२५ मध्ये जागतिक प्राणी आरोग्य संघटनेने भारतातील पहिला ‘अश्वरोगमुक्त कप्पा’ म्हणून मान्यता दिली. संपूर्ण देश रोगमुक्त नसला, तरी कुंपण, कीटकनियंत्रण, येणाऱ्याजाणाऱ्यांवर निर्बंध आणि नियमित चाचण्या यांच्या बळावर घोड्यांचा एक गट वेगळा व निरोगी ठेवता येतो, हे त्यामागील तत्त्व आहे. ग्लँडर्स, सरा, अश्व इन्फ्लुएंझा, पायरोप्लाझ्मोसिस आणि संसर्गजन्य रक्तक्षय या रोगांपासून हा कप्पा मुक्त मानला गेला आहे. यांपैकी ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होऊ शकतो, आणि तो वीटभट्टीवरील खेचर, वरातीची घोडी व स्पर्धेचा घोडा असा भेद करीत नाही. म्हणून मेरठच्या कुंपणाबाहेरील कष्टकरी जनावरांची प्रकृती हा खेळाच्याही आस्थेचा विषय असायला हवा.

रक्ताची चाचणी घोड्याच्या शरीराविषयी बरेच सांगते, परंतु तो कसा शिकवला गेला आहे याविषयी काहीही सांगत नाही, आणि जगभरात आज अश्वक्रीडेला विचारला जाणारा प्रश्न नेमका हाच आहे. टोकियो ऑलिंपिकच्या मॉडर्न पेंटॅथलॉन स्पर्धेत, ओळखही नसलेल्या घोड्यावर बसलेल्या जर्मन खेळाडूची आणि त्या बिथरलेल्या घोड्याची झालेली परवड कोट्यवधी लोकांनी पाहिली, आणि पॅरिसनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच वगळण्यात आली. २०२४ मध्ये ब्रिटनच्या ऑलिंपिक विजेत्या शार्लट दुजार्दिन यांनी सरावात एका घोड्याच्या पायांवर पुन्हापुन्हा चाबूक मारल्याची चित्रफीत समोर आली. त्यांना ऑलिंपिकमधून माघार घ्यावी लागली आणि आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने त्यांच्यावर एक वर्षाची बंदी घातली. क्रौर्य केवळ अडाण्यांच्या हातून घडते, ही समजूत या प्रकरणाने मोडीत काढली.

घोडा कसा शिकतो हे समजून घेतल्याशिवाय चांगले आणि वाईट प्रशिक्षण यांतील फरक कळत नाही. घोडा हा शिकारी प्राण्यांपासून पळून जीव वाचवणारा, कळपाने राहणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते, आणि अंगावर बसलेली माशीही जाणवावी इतकी त्याची त्वचा संवेदनशील असते. स्वार त्याच्याशी प्रामुख्याने दाबाच्या भाषेत बोलतो. पोटऱ्यांचा हलका दाब पडला की पुढे चालायचे आणि लगामाचा ताण आला की थांबायचे, हे घोड्याला जन्मतः ठाऊक नसते; दाब पडल्यावर तो निरनिराळ्या हालचाली करून पाहतो आणि ज्या हालचालीनंतर दाब नाहीसा होतो ती लक्षात ठेवतो. वर्तनशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात; ‘ऋण’ याचा अर्थ येथे वाईट असा नसून काहीतरी वजा करणे असा आहे. याचाच अर्थ असा की दाब प्रश्न विचारतो आणि सुटका उत्तर बरोबर असल्याचे सांगते. सुटका क्षणभर उशिरा झाली तर घोडा भलतीच गोष्ट शिकतो, आणि ती कधीच झाली नाही तर तो शिकणेच सोडून देतो.

या दुसऱ्या अवस्थेकडे विशेष लक्ष वेधणे आवश्यक आहे, कारण ती बाहेरून सद्गुणासारखी दिसते. एकाच वेळी टाचेने पुढे ढकलले आणि लगामाने मागे ओढले, तर घोड्याला कोणत्याही उत्तराने सुटका मिळत नाही. असा घोडा काही काळ झगडतो, शेपटी फटकारतो, मान झटकतो, आणि अखेरीस काहीही केले तरी फरक पडत नाही हे पक्के झाल्यावर निमूट होतो. शास्त्रज्ञ याला शिकलेली हतबलता म्हणतात, तर अनेक तबेल्यांत त्याला ‘शांत घोडा’ म्हणतात आणि त्याच्यावर नवशिक्यांना बसवतात. दिल्ली, गुरुग्राम व नोएडा परिसरातील खासगी अश्वारोहण शाळांत दिवसाकाठी अनेक अननुभवी हात ज्याच्या तोंडाशी खेळतात, त्या शिकवणीच्या घोड्याला हा धोका सर्वाधिक असतो. कडियाळे, म्हणजे लगामाचा तोंडात जाणारा धातूचा भाग, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधील रिकाम्या हिरडीवर टेकते. तेथे हाडावर केवळ पातळ आवरण असते, आणि सतत ओढल्या जाणाऱ्या लगामाने ती जागा दुखावते. भारतात शाळांकडे आणि क्लबांकडे येणारे बरेच घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. लगाम ताणलेला असतानाच वेगाने धावण्याची त्यांना सवय झालेली असते, त्यामुळे थांबण्याचा इशारा त्यांना मुळापासून, धीराने शिकवावा लागतो, आणि हा धीर नेमका व्यवसायाच्या हिशेबात बसत नाही.

वेदना झाकणारी साधनेही कमी नाहीत. नाकपट्टा घट्ट आवळला की घोड्याला तोंड उघडून अस्वस्थता दाखवता येत नाही, आणि परीक्षकाला तोंड मिटलेला, आज्ञाधारक घोडा दिसतो. नाकाच्या हाडावर पट्ट्याखाली दोन बोटे जावीत हा जुना संकेत असला, तरी आयर्लंड, इंग्लंड आणि बेल्जियममधील ७५० स्पर्धक घोड्यांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ४४ टक्के घोड्यांच्या पट्ट्याखाली मोजपट्टीचे टोकही शिरले नाही आणि दोन बोटांची मोकळीक अवघ्या ७ टक्क्यांना होती. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२५ पासून आपल्या स्पर्धांत ही मोकळीक ठरावीक उपकरणाने मोजणे सुरू केले आहे. त्याआधी, २०२१ मध्ये, घोड्याच्या ओठांभोवतीचे स्पर्शज्ञानाचे केस शोभेसाठी कापण्यावर त्याने बंदी घातली होती. सू डायसन या ब्रिटिश पशुवैद्यक संशोधिकेने स्वारीखालील घोड्याच्या वेदनेची २४ वर्तनचिन्हे निश्चित केली आहेत आणि त्यांतील आठ किंवा अधिक एकत्र दिसल्यास स्नायू वा सांध्यांच्या दुखण्याची शक्यता गंभीरपणे तपासावी, असे त्यांचे संशोधन सांगते. बराच वेळ मागे पाडलेले कान, उघडे तोंड, पुन्हापुन्हा फटकारलेली शेपटी अशी ही चिन्हे असून प्रशिक्षक ज्याला ‘हट्टीपणा’ म्हणतात ते पुष्कळदा हेच असते.

स्वारी दिवसातून तासभर चालते. उरलेला काळ घोडा तबेल्यात असतो, आणि दिल्लीसारख्या महानगरात त्याच्या कल्याणाचा खरा निकाल तेथेच लागतो. मोकळा घोडा दिवसाचा अर्ध्याहून अधिक वेळ चरतो आणि त्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असते. म्हणून दोन-तीन वेळा भरपूर दाणा आणि मधल्या काळात रिकामी गव्हाण, या पद्धतीने जठरात व्रण होतात. एकटा कोंडलेला घोडा लाकूड दातांत धरून हवा गिळू लागतो किंवा दारात उभा राहून तासन्‌तास डोलत राहतो. याला खोड म्हणून गळ्यात पट्टा आवळणे हा उपाय नसून वैरण, मोकळे फिरणे आणि इतर घोड्यांचा सहवास हा उपाय आहे. दिल्लीच्या हवेचा प्रश्न याहून बिकट आहे. उन्हाळ्याच्या काहिलीमुळे येथील स्पर्धांचा हंगाम थंडीत येतो आणि त्याच दिवसांत धुरके शहरावर उतरते. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. भरधाव धावताना तो नाकावाटे मिनिटाला सुमारे दीड हजार लिटर हवा आत घेतो. शाळा बंद ठेवाव्या लागतात अशा हवेत घोड्यांना दौडवू नये, असा सक्तीचा नियम येथील स्पर्धांना असणे अत्यावश्यक आहे.

कायद्याची स्थिती समाधानकारक नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाने प्राणी सांभाळणाऱ्यावर त्याच्या कल्याणाची जबाबदारी टाकली आहे, परंतु कलम ११ नुसार पहिल्या अपराधाचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे. प्राण्यांच्या प्रशिक्षणासाठी नोंदणी सक्तीची करणाऱ्या प्रकरणातील मूळ व्याख्या तिकीट लावून होणाऱ्या खेळांशी जोडलेली असल्याने रोज सकाळी चालणारी शिकवणी तीत सहजासहजी बसत नाही, आणि लष्करी व पोलिसी प्रशिक्षण तर कलम २७ ने त्या प्रकरणातून वगळलेच आहे. जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती यांसंबंधी ७ मे २०१४ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भूक, अस्वस्थता, वेदना आणि भय यांपासून मुक्ती व नैसर्गिक वर्तनाची मोकळीक ही पाच स्वातंत्र्ये उचलून धरली. पुढे राज्यांनी कायदे बदलले आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ते बदल मान्य केले, तरी पाच स्वातंत्र्यांचा तो निकष घोड्यालाही तंतोतंत लागू पडतो.

दिल्लीला घोडा नवा नाही. १७३७ च्या मार्चमध्ये पहिला बाजीराव ज्या तालकटोऱ्यापर्यंत मराठी घोडदळ घेऊन आला, त्याच्या शेजारीच आज राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाचे घोडे आहेत. छावणीत लष्कराचे पोलो व अश्वारोहण केंद्र आहे, आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचे मुख्यालयही याच क्षेत्रात, हरियाणातील बल्लभगड येथे आहे. नियम करणारे, घोडे पाळणारे आणि घोड्यांवर उपचार करणारे इतक्या जवळ असताना राष्ट्रीय स्पर्धांत नाकपट्टा मोजणे किंवा शाळांच्या तबेल्यांची पाहणी करणे हे काम साधनांअभावी अडलेले नाही. त्याहूनही निकडीची गरज आहे ती घोड्याबरोबर दिवसभर असणाऱ्या माणसाकडे लक्ष देण्याची. मराठी पागांत त्याला मोतद्दार म्हणत, दिल्लीकडे तो सईस असतो. खरारा करताना पाठीला हात लागताच घोडा अंग चोरतो, हे सर्वांत आधी त्याला कळते, पण त्याचे म्हणणे नोंदवून घेण्याची पद्धत नाही आणि त्याला वर्तनशास्त्राचे शिक्षणही मिळत नाही. मेरठच्या महाविद्यालयाने अशा नागरी सईसांसाठी अभ्यासक्रम चालवला, तर त्याचा लाभ कोणत्याही नव्या नियमापेक्षा लवकर दिसेल.

आपल्या मुलांना अश्वारोहण शिकवू पाहणाऱ्या पालकांनाही शाळेची पारख करता येते. नाकपट्ट्याखाली दोन बोटे जातात का, दुपारच्या वेळी घोड्यांपुढे वैरण असते का, त्यांना एकमेकांच्या अंगाला अंग लावता येते का, घोड्याने योग्य प्रतिसाद देताच लगाम ढिला सोडायला पहिल्याच आठवड्यात शिकवले जाते का, हे त्यांनी स्वतः पाहावे. आणि गेल्या पाच वर्षांत स्वारीला निकामी झालेले शाळेचे घोडे आज कोठे आहेत, हे शाळाचालकांना विचारून ती जागा प्रत्यक्ष दाखवण्याचा आग्रह धरावा.