लॅपटॉपवर चहा सांडला तर?

ताईंनो, आपल्या बऱ्याच ग्रामसंघांचा हिशेब आता लॅपटॉपवर असतो. बैठकीत चहाही त्याच टेबलावर येतो. कीबोर्डखालीच मशीनचे मुख्य भाग असतात. ओल आत गेली आणि वीज चालू राहिली, तर शॉर्ट होऊन भाग जळतात. म्हणून पुसण्याआधी वीज तोडा.

१. भिंतीवरचं बटण बंद करा, मग कोरड्या हाताने चार्जर काढा.

२. लॅपटॉपचं पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा. फाइल सेव्ह करत बसू नका. बॅटरी निघत असेल तर काढा.

३. पेन ड्राइव्ह, माऊस काढा. लॅपटॉप उघडाच ठेवून सुती कापडावर तंबूसारखा पालथा करा.

४. वरचं पाणी टिपून घ्या, घासू नका.

"चालू होतोय का बघू" असं अजिबात करू नका. हेअर ड्रायर, कडक ऊन नको. तांदळातही ठेवू नका, त्याची पूड आत जाते. चहातली दूध-साखर वाळली तरी चिकट राहते आणि आतले भाग गंजतात. त्यामुळे त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या, काय सांडलं ते खरं सांगा.

कुणाचा धक्का लागला, यावरून बैठकीत बोलणी नकोत. भीतीपोटी एखादी ताई गप्प बसली, तर नुकसान वाढतं.

आणि दर बैठकीनंतर हिशेबाची फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. मशीन दुरुस्त होईल, पण गेलेल्या कर्जाच्या नोंदी पुन्हा जुळवणं फार अवघड जातं.