वाचा बसलेल्या माणसाचा हरिपाठ

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तिसगावातलं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. महिन्यापूर्वी आजोबांच्या ‘अंगावरून वारं गेलं’. उजवा हात लुळा पडला, वाचा बसली. तहान लागली तरी ‘पाणी’ हा शब्द त्यांना सापडत नाही. तांब्याकडे बोट दाखवून ‘ते... ते...’ एवढंच म्हणतात. संध्याकाळी मंदिरात हरिपाठ सुरू होतो, टाळ वाजू लागतात, आणि ओसरीवर बसलेले आजोबा अभंगामागून अभंग म्हणू लागतात, सुरात आणि स्पष्ट. आजी डोळ्यांना पदर लावते. हरिपाठ संपतो, आणि आजोबा पुन्हा ‘ते... ते...’वर येतात.

हे घर कल्पनेतलं असलं, तरी असं खरोखर घडतं आणि जगभर घडतं. स्वीडनमधल्या ओलोफ डालिन यांनी १७४५ साली अशाच एका माणसाची हकिकत नोंदवली. त्याचंही उजवं अंग गेलं होतं. तोंडातून ‘हो’पलीकडे शब्द निघत नव्हता, पण आजारापूर्वी शिकलेली प्रार्थनागीतं तो धडधाकट माणसासारखी गात असे.

या विकाराला वाचाघात म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी शब्द असतो अफेझिया. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, डोक्याला जबर मार बसतो, गाठ होते, आणि मेंदूत भाषेचा कारभार पाहणारा भाग दुखावतो. बहुतेकांच्या बाबतीत हा भाग डाव्या बाजूला असतो. उजवा हातही डाव्या मेंदूच्याच ताब्यात, म्हणून हात आणि वाचा पुष्कळदा बरोबरच जातात. जिभेला काही झालेलं नसतं. मूकबधिर माणसाच्या मेंदूला याच बाजूला इजा झाली, तर हात हलत असूनही त्याची खुणांची भाषा विस्कटते. भाषेचं घर जिभेत नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

हे घर मेंदूत कुठे आहे, याचा पहिला पक्का माग १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लागला. लबोर्न्य नावाच्या रुग्णाच्या तोंडून फक्त ‘तां, तां’ निघे. शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी त्याला विचारलं, इथे किती वर्षं झाली? त्याने चार वेळा पंजा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. उत्तर बरोबर होतं! काही दिवसांतच तो वारला. त्याचा मेंदू पाहिला तेव्हा डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात, इजा सापडली. तो मेंदू पॅरिसमध्ये आजही जपून ठेवला आहे.

पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या अवघ्या सव्वीस वर्षांच्या जर्मन डॉक्टरने उलटा प्रकार मांडला. इजा कानाच्या वर, जराशी मागे झाली, तर माणूस भरभरून बोलतो, पण बोलण्याचा अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचं बोलणं त्याला उमगत नाही. आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. ‘मी बाजारातून शेंगदाणे आणले’ हे सांगताना पहिल्या, म्हणजे ब्रोकांच्या, प्रकारचा रुग्ण अडखळत ‘बाजार... शेंगदाणे...’ एवढंच म्हणेल. प्रत्यय आणि क्रियापदं गळतील किंवा चुकतील. दुसऱ्या प्रकारचा रुग्ण न थांबता वाक्यांवर वाक्यं बोलेल, पण त्यात बाजारही सापडणार नाही आणि शेंगदाणेही. अशा माणसाला लोक ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणून मोकळे होतात. ते खरं नसतं.

भाषेचे धागे किती बारीक उसवतात पाहा. फ्रान्सच्या देजेरीन यांनी १८९२ मध्ये असा रुग्ण वर्णिला, ज्याला लिहिता येत होतं, पण स्वतःच लिहिलेलं वाचता येत नव्हतं.

मग हरिपाठ कसा टिकतो? नवं वाक्य बोलताना शब्द शोधून, जुळवून मांडावा लागतो. वर्षानुवर्षं म्हटलेला अभंग, पाढे, अंक, रागाच्या भरातली शिवी या तयार माळा असतात. एक मणी ओढला की पुढचे आपोआप येतात. शिवाय सुराच्या कामात उजव्या मेंदूचा मोठा वाटा असतो, आणि तो शाबूत असतो. १९७३ मध्ये बॉस्टनच्या उपचारकांनी याच आधारावर एक पद्धत मांडली. रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका धरायचा, ‘पाणी दे’सारखं छोटं वाक्य दोन सुरांत म्हणवून घ्यायचं, आणि मग हळूहळू सूर काढून घ्यायचा.

हात आणि भाषा एकत्रच बुडतील असंही नाही. जुलै १८८८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांना पक्षाघात झाला आणि त्यांचं उजवं अंग लुळं पडलं. त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केलं. ते १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालं. मराठीतला एवढा मोठा विचार डाव्या हाताने कागदावर उतरला आहे.

तेव्हा तिसगावकरांनो, आणि तुम्ही सगळेच, दोन गोष्टी लक्षात ठेवा. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर वाट पाहू नका, अंगारे-धुपाऱ्यांत वेळ घालवू नका. लगेच १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि करंजीचा घाट ओलांडून अहिल्यानगर गाठायलाही त्यातलाच वेळ जातो. वाचा गेलीच, तर स्पीच थेरपिस्टकडे न्या. महिने उलटले तरी सुधारणा होऊ शकते. घरी आजोबांशी बोलताना समोर बसा, छोटं वाक्य बोला, ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असं विचारा, चित्र दाखवा. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. आत माणूस जागा आहे आणि सगळं मोजतो आहे. शब्द येईपर्यंत थांबा.