नागरी सायकलस्वार आणि वाहनजन्य वायुप्रदूषण : एक विवेचन

प्रस्तावना :
एकेकाळी 'सायकलींचे शहर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात आज स्वयंचलित दुचाकींचे प्राबल्य आहे. पर्यावरणपूरक वाहन म्हणून सायकलचा सर्वत्र पुरस्कार होतो. मात्र जो स्वतः धूर निर्माण करीत नाही, त्यालाच इतरांचा धूर अधिक प्रमाणात शरीरात घ्यावा लागतो, ही विसंगती दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात तिची कारणमीमांसा केली आहे.

संहती आणि मात्रा :
हवेच्या एकक आकारमानातील प्रदूषकाचे प्रमाण म्हणजे संहती, तर श्वासावाटे शरीरात जाणारे प्रमाण म्हणजे मात्रा होय. संहती, दर मिनिटाला श्वासावाटे घेतलेली हवा आणि प्रवासाचा काळ यांच्या गुणाकाराने मात्रा मिळते. पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी भारतात २००९ मध्ये निश्चित झालेले २४ तासांचे मानक प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली मर्यादा १५ आहे. ही दोन्ही मानके संहतीची असून त्यांत श्रमाचा विचार नाही.

उदाहरणादाखल मोटारीतील व्यक्ती मिनिटाला १० लिटर व सायकलस्वार ३० लिटर हवा घेतो असे मानू. संहती दोघांसाठी ६० असल्यास अर्ध्या तासात पहिल्याच्या शरीरात १८, तर दुसऱ्याच्या शरीरात ५४ मायक्रोग्रॅम कण जातात. हाच सायकलस्वार ४० संहतीच्या आतील रस्त्याने ३५ मिनिटांत पोहोचला, तर मात्रा ४२ होते. म्हणजेच लांबचा मार्गही हितकारक ठरू शकतो. चढावर व सिग्नल सुटताना तर वाहनांचे उत्सर्जन आणि सायकलस्वाराचा श्वास दोन्ही एकाच वेळी वाढतात.

लाभ-हानीचा विचार :
यावरून सायकल सोडावी असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. मार्को ताइनियो व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतिमानानुसार, पीएम २.५ ची पार्श्वभूमी पातळी १०० असलेल्या शहरात रोज सुमारे दीड तास सायकल चालविल्यानंतरच हानी व्यायामाच्या लाभापेक्षा अधिक ठरते. तथापि कामासाठी दिवसभर सायकलवर असणारा फेरीवाला ही मर्यादा सहज ओलांडतो. मार्ग वा वेळ बदलण्याचे स्वातंत्र्यही त्याला क्वचितच असते.

उपाययोजना :
१) रस्त्यालगतच्या अतिसूक्ष्म कणांची संहती अंतरागणिक झपाट्याने घटते, म्हणून सायकलमार्ग मुख्य वाहतुकीपासून दूर, शक्यतो आतील रस्त्यांनी न्यावेत.
२) १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनी नव्या वाहनांचे उत्सर्जन नियंत्रित केले, परंतु ब्रेक व टायर यांच्या झिजेतून निघणारे कण त्यांच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून वाहनसंख्या घटविणेही आवश्यक आहे.
३) महाविद्यालयांनी आतील रस्त्याकडील प्रवेशद्वार सायकलस्वारांसाठी खुले ठेवावे व तासिकांच्या वेळा गर्दीच्या वेळेपासून दूर ठेवाव्यात.

समारोप :
सायकल वापरण्याचे आवाहन करणाऱ्या संस्थेवर सायकलस्वाराच्या श्वासाचीही जबाबदारी येते. अशा सोयी न करता केलेले आवाहन म्हणजे शहराच्या प्रदूषणाचा भार सर्वांत कमी प्रदूषण करणाऱ्यावर टाकणे होय.