बिघाड खिडकीचा!

"वहिनी, गीझर कुठे बिघडलाय? तुमची खिडकी बिघडलीय!" मेकॅनिक असं म्हणाला तेव्हा मला आधी रागच आला.

आमची दादरची जुनी इमारत. चौथ्या मजल्यावर पाण्याला जोर कमी, म्हणून बाथरूममधला गॅस गीझर सारखा रुसायचा. नळ सोडला की नुसतं टक्‌ टक्‌, पेटायचं नाव नाही. मग मीच अर्धी मेकॅनिक झाले. आधी सेल बदलायचे, कारण ठिणगी त्यांच्यावरच पडते. तरी नाही पेटला, तर पाणी आत शिरतं तिथली बारीक जाळी धुवायची. पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा ढकलला जातो, तेव्हाच गॅस सुटतो. जाळीत गाळ अडकला की दाब नाही, अन्‌ दाब नाही की ज्योत नाही.

एका डिसेंबरात हे सगळं केलं आणि गीझर झकास पेटला. मी खूश! पण आंघोळ करून आलं की डोकं ठणकायचं. पित्त असेल म्हणून मी कोकम सरबत पीत राहिले.

एके सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या आणि आतून तांब्या पडल्याचा आवाज आला. "आई, काय झालं?" उत्तर नाही. नशीब, त्या कडी लावत नाहीत. दार ढकललं, तर त्या भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे अर्धवट मिटलेले. ह्यांनी गॅस बंद केला, त्यांना मोकळ्या हवेत आणलं आणि तडक हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावत पहिला प्रश्न विचारला, "घरी गॅस गीझर आहे का?" संध्याकाळी आई बोलू लागल्या, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने दाखवलं. बर्नरवर काजळी, ज्योत पिवळी आणि खिडकीच्या फटींत पुठ्ठे. ते मीच ठोकले होते, कबुतरांना कंटाळून!

हवा पुरेशी असेल तर गॅस निळ्या ज्योतीने जळतो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गळला तर कळावा म्हणून त्याला मुद्दाम वास दिलेला असतो. या विषाला मात्र ना वास, ना रंग. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतं. बंद गाडीत किंवा खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांचा घातही हाच वायू करतो.

आता आमचा गीझर बाहेर गॅलरीत आहे, गरम पाणी पाइपने आत येतं. कबुतरांसाठी खिडकीला जाळी लावली, पुठ्ठे गेले. दरवर्षी थंडीआधी बर्नर साफ करून घेते.

मैत्रिणींनो, तुमचा गीझर बाथरूममध्येच असेल, तर तो लवकरात लवकर बाहेर बसवून घ्या. तोवर खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, थोडा वेळ दार उघडं ठेवा आणि मगच आंघोळीला जा. आंघोळीनंतर डोकं दुखलं, भोवळ आली, तर पित्तावर ढकलू नका. कुणी आत पडलंच तर आधी त्यांना बाहेर काढा, गॅस बंद करा आणि १०८ला फोन करा.

उद्या सकाळी नळ सोडण्याआधी एकदा खिडकीकडे बघाल ना?