नवी प्रणाली घातली आणि संगणक बसला



ऊस, खत आणि पाणी सोडून या अंकात संगणकाचे काय काढले, असे काही जण म्हणतील. पण कुंडल आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरचे सभासद भेटले की हल्ली एक तक्रार हमखास कानावर येते. "नवं विंडोज टाकलं आणि मशीन पार बसलं बघा." मुलांच्या शिक्षणासाठी, दुधाच्या हिशेबासाठी, सात-बारा काढण्यासाठी पुष्कळांनी घरात संगणक घेतला आहे. तो अडला की दुकानदार नवा घ्यायला सांगतो आणि उसाच्या पहिल्या हप्त्यातले तीस-चाळीस हजार बघता बघता जातात. म्हणून हा प्रपंच.

आधी हे नवे विंडोज का आले ते पाहू. विंडोज १० ही प्रणाली २०१५ साली निघाली. तिच्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिची नेहमीची देखभाल थांबवली. घरगुती वापरासाठी जी वाढीव सोय ठेवली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. देखभाल थांबली म्हणजे संगणक बंद पडत नाही. पण चोरवाटा बुजवायला कोणी उरत नाही आणि त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे होते. म्हणून लोकांनी विंडोज ११ घालून घेतले. ते योग्यच केले.

मग मशीन बसले का? याचे उत्तर आपल्या कारखान्यातच सापडते.

संगणकाचा प्रोसेसर म्हणजे आपली मिल. हार्ड डिस्क म्हणजे गाडीतळ, सगळा माल तिथे उभा. आणि रॅम नावाची जी स्मृती असते ती म्हणजे गव्हाण. मिल थेट गाडीतळावरचा ऊस खात नाही, गव्हाणीत पडलेलाच खाते. प्रणालीचे काम शेती खात्यासारखे आहे. कोणाचा नंबर आधी, कोणती गाडी कुठे लावायची, हे ती ठरवते. आता गंमत अशी, की नव्या प्रणालीचा बारदाना मोठा. ती स्वतःच गव्हाणीतली बरीच जागा अडवून बसते. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते असे कंपनी सांगते. पण किमान म्हणजे चालू होण्यापुरते, कामापुरते नव्हे. चारपैकी निम्म्याहून अधिक जागा प्रणालीच खाते. मग तुम्ही हिशेबाचा तक्ता उघडला, शेजारी इंटरनेट उघडले, की गव्हाण भरते. भरली की आतल्या मोळ्या उचलून परत गाडीतळावर ठेवायच्या आणि लागल्या की पुन्हा आणायच्या, असा खेळ सुरू होतो. मिल धडधाकट असून रिकामी फिरते. ऊस नाही म्हणून मिल थांबली तर मिल बदला असे आपण कधी म्हणत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र सर्रास म्हणतो.

त्यातून गाडीतळ जुन्या धाटणीचा असेल तर विचारूच नका. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे. एक सुई त्यावर मागे-पुढे पळत माल शोधते. विखुरलेला माल असा शोधायचा म्हटला तर सेकंदाला शंभरएक खेपा, त्यापलीकडे नाही. एसएसडी नावाची जी नवी डिस्क आहे तिच्यात फिरणारे काहीच नाही, म्हणून ती सेकंदाला हजारो खेपा करते.

आमच्याकडे आलेल्या एका सभासदाचीच हकीकत सांगतो. लॅपटॉप २०१९ सालचा, रॅम ४ जीबी, डिस्क फिरती. मुलगी बारावीनंतरच्या प्रवेशाचे अर्ज भरत होती. नवी प्रणाली घातली आणि बटण दाबल्यापासून पडदा उघडायला इतका वेळ, की चहा करून प्यावा. एक पान उघडेपर्यंत अर्जाची मुदत टळते की काय, अशी पाळी आली. दुकानात नेला तर "हा आता भंगारात, नवा घ्या" असे उत्तर. आम्ही म्हटले, "काका, जरा थांबा. आधी नाडी बघू."

नाडी बघायला डॉक्टर लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर नावाचा तक्ता उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात. कोणता रकाना शंभराजवळ जाऊन चिकटला आहे ते पाहावे. काकांच्या मशीनवर सीपीयू पंधरा-वीस टक्क्यांवर निवांत होता आणि डिस्क १०० वर ठाण मांडून होती. म्हणजे मिल बसून आणि गाडीतळावर चेंगराचेंगरी. निदान तिथेच झाले.

पण एक लक्षात असू द्यावे. प्रणाली नवी घातल्यावर पहिले दोन दिवस डिस्क अशीच पळते, आणि ते दुखणे नव्हे. ती सगळ्या फायलींची सूची करते, राहिलेल्या सुधारणा इंटरनेटवरून ओढते, तपासण्या करते. नवा गडी पहिल्या दिवशी गोठा-परडे हिंडून बघतो, तसेच. अशा वेळी संगणक वायरला लावून रात्रभर चालू ठेवावा आणि तो झोपी जाणार नाही अशी तजवीज करावी. पुष्कळ मशिने तिसऱ्या दिवशी आपोआप सुधारतात. आपल्याकडे वीज जाते-येते, लोक मधेच बंद करतात, आणि ते काम आठवडाभर अर्धवट राहते.

त्यानंतरही सुस्ती असेल तर त्याच तक्त्यात स्टार्टअप म्हणून एक भाग आहे, तो बघावा. संगणक चालू होताना कोण कोण बरोबर उठते त्याची ती यादी. न लागणारे सारे बंद करावे, काही बिघडत नाही. विषाणूरोधक दोन असतील तर एक काढावा. एका दारात दोन राखणदार ठेवले की ते एकमेकांनाच अडवतात. विंडोजमध्ये स्वतःचा एक असतोच. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून कुठे पिवळी खूण आहे का पाहावे. पिवळी खूण म्हणजे त्या भागाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा दुवा, बसलेला नाही. पडद्याचा दुवा नसेल तर चित्र हलताना अडखळते आणि लोक समजतात मशीनच मंद आहे. हा दुवा संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत जागेवरूनच घ्यावा.

इथे एक इशारा जरा मोठ्याने द्यायला हवा. "तुमचा संगणक मंदावला आहे, या नंबरवर फोन करा" अशी पाटी पडद्यावर येते. फोन करू नये. पलीकडचा गोड बोलून मशीनचा ताबा मागतो आणि बँकेचे खाते उघडायला लावतो. वेग वाढवून देणारे फुकटचे कार्यक्रमही त्याच जातीचे, आम्ही तर ते कधी घालू देत नाही. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त.

काकांच्या बाबतीत वरची शिस्त करूनही डिस्क शंभरावरून हलेना. तेव्हा फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम ४ ची ८ जीबी केली. नव्या संगणकाच्या मानाने खर्च किरकोळ आला. पडदा आता अर्ध्या मिनिटाच्या आत उघडतो. पोरीचे अर्ज वेळेत गेले. खरेदीपूर्वी मात्र दोन गोष्टी पाहाव्यात. एसएसडी दोन-तीन घाटांच्या येतात, एकीची जागा दुसरीला चालत नाही. आणि काही लॅपटॉपांत रॅम पट्टीलाच डाक लावून बसवलेली असते, ती वाढवता येत नाही. २०१६-१७ पूर्वीचे मशीन असेल तर बहुधा त्याचा प्रोसेसरच विंडोज ११ च्या यादीत नसतो. तिथे खटपटी करून प्रणाली कोंबू नये.

अशा जुन्या मशीनवाल्यांनी आधी हे विचारावे, की आपल्याला संगणक लागतो कशाला? आपल्या शेजारच्या वारणा खोऱ्यात १९९८ साली सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे काढली होती. ऊस किती गेला, खत किती उचलले, हे सभासदाला गावातच कळावे, हा हेतू. पुढे २००६-०७ च्या सुमारास त्यातल्या सात गावांत तेच काम साध्या मोबाईलच्या संदेशावर करून पाहिले, आणि ते जमले. ज्याला टनेज आणि सात-बाराच बघायचा, त्याला खिशातला फोन पुरे. ज्याच्या घरी दूध संकलनाचा हिशेब किंवा पोरांचा अभ्यास आहे, त्याने मात्र खर्च करावा.

एक राहिलेच. नवी प्रणाली जुनीच्या वर घातली असेल आणि मुळीच मानवली नाही, तर पहिल्या दहा दिवसांत सेटिंग्जमधल्या रिकव्हरी या भागातून परत मागे जाता येते. दहा दिवसांनी ती वाट बंद होते. आणि दुकानात "फॉरमॅट मारतो" म्हटले की आधी हात धरावा. एका सभासदाचा चार वर्षांचा दुधाचा हिशेब तसाच पुसला गेला, कोणी विचारलेसुद्धा नाही. काकांची काढलेली जुनी डिस्क आम्ही पिशवीत घालून त्यांच्याच हाती दिली. तिच्यात मुलीचे फोटो आहेत आणि २०१९ पासूनची ऊसबिले.